घराचा नकाशा ऑनलाइन टाकला, पुढे काय होतं?

"अर्ज ऑनलाइन टाकलाय ना? मग किती दिवसांत येईल परवानगी?"

आर्किटेक्टच्या ऑफिसात बांधकाम परवानगीच्या फाइली बघायला लागल्यापासून हा प्रश्न मी रोज ऐकतो. गेल्या वर्षी एका काकांनीही तोच विचारला. निवृत्तीनंतर वडिलांच्या प्लॉटवर दोन मजली घर बांधायचं त्यांनी ठरवलं होतं. प्लॉट २०० चौरस मीटरचा, मंजूर लेआउटमधला, भोवती सगळी घरं झालेली. काकांनी कुठेतरी वाचलं होतं की एवढ्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी मिळते. वाचलं होतं ते खरं होतं. त्यांच्या फाइलीला मात्र अडीच महिने लागले, आणि त्यातला फार थोडा काळ ती सरकारी टेबलावर होती.

आता बहुतेक शहरांत नकाशाचं बाड काखेत मारून नगररचना विभागात जावं लागत नाही. ही फार चांगली गोष्ट झाली. पण आतलं काम कसं चालतं हे माहीत नसेल तर माणूस स्क्रीनवरच्या 'प्रलंबित' या शब्दाकडे बघत बसतो. म्हणून ही सगळी वाट सांगतो.

मुळात परवानगी कशाला लागते? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयाचा पाया आहे. जमीन तुमची असली तरी तिचा विकास करायचा असेल तर कलम ४४ खाली नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करायचा आणि कलम ४५ खाली त्यांनी तो मंजूर किंवा नामंजूर करायचा. नियोजन प्राधिकरण म्हणजे शहरात महापालिका किंवा नगरपालिका, काही भागांत पुण्याभोवतालचं पीएमआरडीए, औद्योगिक क्षेत्रातलं एमआयडीसी यांसारख्या संस्था. या हद्दींबाहेरच्या प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात जिल्हाधिकारी कार्यालयाचा संबंध येतो. शहराच्या कडेला प्लॉट असेल तर पहिलं काम हेच: आपण नेमके कोणाच्या हद्दीत आहोत ते लेखी काढून घ्या. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज ऑनलाइन असला तरी चुकीच्याच दारात असतो.

काय बांधता येईल, किती आणि किती जागा सोडून, हे नियमावली सांगते. २ डिसेंबर २०२० ला राज्यानं एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. लोकांच्या तोंडी ती 'यूडीसीपीआर'. त्याआधी शहरागणिक नियम वेगळे होते. आता मुंबई महापालिकेचं क्षेत्र आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर जवळपास सगळीकडे हीच नियमावली चालते. ऑनलाइन परवानगीला हे फार उपयोगी पडलं, कारण संगणकाला शिकवायचे नियम एकसारखे झाले. नगरपालिकांसाठी बीपीएमएस नावाची सामायिक प्रणाली आहे, तर काही मोठ्या महापालिकांनी स्वतःच्या वेगळ्या प्रणाली उभ्या केल्या आहेत. नकाशा तपासणारं ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीचं. आमच्या व्यवसायात 'डीसीआरला लावलं का?' असं विचारतात, तेव्हा नकाशा त्या तपासणीतून काढला का, एवढाच अर्थ असतो.

कागद आधी, क्लिक नंतर

काकांच्या फाइलीत पहिली अडचण नकाशाची नव्हतीच.

"सातबारा आहे ना माझ्याकडे," ते म्हणाले.

"आहे काका, पण त्यावर नाव तुमच्या वडिलांचं आहे. अर्जदार तुम्ही आहात."

वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि वारस नोंद राहूनच गेली होती. ती घालायची तर तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, त्यावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. नोंद झाल्यावर सातबारावर काकांबरोबर त्यांच्या दोन बहिणींचीही नावं आली. यायलाच हवी होती. मग एकतर बहिणींनीही अर्जावर सह्या करायच्या, नाहीतर त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत करायचं. ते साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून भागत नाही. धाकट्या बहिणीला नोकरीतून सुट्टी मिळेपर्यंत आणखी तीन आठवडे गेले. हा सगळा वेळ काकांच्या डोक्यात 'ऑनलाइनवाले वेळ लावतात' या खात्यात जमा होत होता. मी त्यांना तारखा एका कागदावर मांडून दाखवल्या तेव्हा त्यांना पटलं.

त्यामुळे माझं आग्रहाचं सांगणं आहे: आर्किटेक्टकडे जाण्याच्याही आधी ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तो हातात आला की तीन गोष्टी बघा. मालकाच्या रकान्यात आपलं नाव आधारवर आहे तसंच आहे का? इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो का? आणि भूधारणा पद्धतीपुढे वर्ग १ लिहिलंय की वर्ग २? भोगवटादार वर्ग २ असेल तर जमिनीवर शासनाच्या अटी असतात, आणि आधी महसूल खात्याचा मार्ग मोकळा करावा लागतो. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेला असेल तर तो नियमित झाला आहे का, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. नियमितीकरणाचा आदेश नसेल तर नकाशा कितीही सुंदर काढला तरी फाइल तिथेच थांबते.

दुसरा कागद मोजणीचा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळणाऱ्या मोजणी नकाशाला आम्ही 'क' प्रत म्हणतो. लोकांना हा खर्च नकोसा वाटतो. "कुंपण आहे की चारी बाजूंनी, मोजायचं काय?" असं ऐकू येतं. पण यूडीसीपीआरच्या क्षेत्रफळ तक्त्याची पहिलीच ओळ बघा. प्लॉटचं क्षेत्र तीन प्रकारे लिहायचं असतं: मालकीच्या कागदानुसार, मोजणी नकाशानुसार आणि प्रत्यक्ष जागेवर. या तिन्हींतलं सगळ्यात कमी असेल तेच हिशेबाला धरतात.

काकांच्या सातबारावर २ आर, म्हणजे २०० चौरस मीटर. मोजणीत भरले १९४. शेजाऱ्याचं कुंपण कधीकाळी हातभर आत आलं होतं. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१० धरला तर २०० मीटरवर २२० चौरस मीटर बांधकाम होतं आणि १९४ वर २१३.४. फरक ६.६ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण ७१ चौरस फूट, एका छोट्या खोलीएवढा. पहिला नकाशा २०० धरून काढला होता. तो पुन्हा काढावा लागला.

दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला हा १.१० चा मूळ निर्देशांक मिळतो. पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय किंवा दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, म्हणजे टीडीआर, त्यात घालता येतो, पण किती, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर सर्वसाधारणपणे ही भर मिळत नाही. म्हणून फाइलीत रस्त्याच्या रुंदीला इतकं महत्त्व. विकास योजनेत आपल्या प्लॉटवर एखादं आरक्षण किंवा रुंदीकरणाची रेषा आली आहे का, हे झोन दाखला आणि भाग नकाशावरून कळतं. घराचं स्वप्न रंगवण्याआधी हे दोन कागद मागवा.

संगणक काय बघतो, काय बघत नाही

अर्ज बहुतेक ठिकाणी मालकाच्या वतीनं आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता आपल्या लॉगिनमधून टाकतो. नकाशा ही त्या अर्जातली सगळ्यात नाजूक वस्तू. पूर्वी तो ट्रेसिंगवर काढत आणि माणूस पट्टी लावून मोजायचा. आता नकाशा कॅडच्या, म्हणजे संगणकावर काढलेल्या आराखड्याच्या फाइलीत जातो आणि प्रत्येक गोष्ट ठरलेल्या नावाच्या लेयरवर, म्हणजे थरावर, काढावी लागते. प्लॉटची हद्द एका लेयरवर, प्रस्तावित बांधकाम दुसऱ्यावर, मार्जिन (भोवती सोडायची मोकळी जागा), जिना, पार्किंग, टाकी अशा प्रत्येकाला आपापली जागा. सॉफ्टवेअर त्या रेषा वाचतं, क्षेत्रफळ काढतं, नियमाशी ताडतं आणि अहवाल देतं. बरोबर असेल तिथे हिरवं, चुकलं तिथे लाल.

काकांच्या दुसऱ्या नकाशाच्या अहवालात पहिल्याच ओळीत लाल आलं: प्लॉटचं क्षेत्र शून्य. काका घाबरले. "प्लॉट गेला की काय?" मी स्क्रीनवर झूम करत करत ईशान्येच्या कोपऱ्यात गेलो. तिथे हद्दीची शेवटची रेषा पहिल्या रेषेला टेकलीच नव्हती. केसाएवढी फट होती. डोळ्याला चौकोन पूर्ण दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो उघडा, आणि उघड्या आकृतीला क्षेत्रफळ नसतं. दोन टोकं जोडली, पुन्हा लावलं, लाल गेलं. अशा अर्ध्या मिनिटाच्या चुकीनं फाइल परत येते आणि मालकाला वाटतं कुणीतरी मुद्दाम अडवतंय.

या यंत्राचा मोठा फायदा मला असा वाटतो की सगळ्यांना एकच मोजपट्टी लागते. मागचं मार्जिन तीन मीटर हवं असेल आणि तुम्ही २.९० काढलं, तर ते लालच येणार, अर्जदार कुणीही असो. पण त्याला जे दिसत नाही तेही लक्षात ठेवा. प्लॉटवरून जाणारी विजेची तार तुम्ही काढली नाही तर त्याला ती माहीत नाही. नकाशावर ९ मीटरचा लिहिलेला रस्ता जागेवर ६ मीटरचाच उरलाय, हे त्याला कळत नाही. जुनी विहीर, शेजाऱ्याची भिंत, हद्दीवरचं झाड, काहीच नाही. त्यासाठी स्थळ पाहणी असते. अभियंता किंवा रचना सहायक जागेवर येऊन फोटो काढतो, मापं बघतो आणि अहवाल जोडतो. त्या दिवशी मालकानं हजर राहावं, हद्दीच्या खुणा साफ करून ठेवाव्यात आणि नकाशाची प्रत हाताशी ठेवावी.

पाहणीनंतर फाइल एका लॉगिनमधून दुसऱ्यात जाते. खाली छाननी करणारा, मग त्यावरचा अधिकारी, मग मंजुरी देणारा. इमारत मोठी असेल तर वाटेत अग्निशमन विभाग येतो, विमानतळाच्या परिसरात उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला येतो, आणि एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी. साध्या घराला यातलं बरंचसं लागत नाही.

दिवस कधीपासून मोजायचे?

या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

नियमावलीनं छोट्या प्लॉटसाठी सोपा मार्ग ठेवला आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर ठरलेल्या मर्यादेतलं साधं घर असेल, तर तांत्रिक व्यक्तीनं प्रमाणित केलेला नकाशा आणि कागद द्यायचे, शुल्क भरायचं, आणि त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या गटात तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर विसंबून दहा दिवसांत परवानगी द्यायची. काका या दुसऱ्या गटातले. इथे कार्यालयानं विश्वास टाकलेला असतो, त्यामुळे नकाशा नियमात बसतो याची जबाबदारी मालकावर आणि सही करणाऱ्यावर येते. उद्या चूक निघाली तर 'तुम्हीच पास केलंत' असं म्हणता येत नाही.

बाकीच्या अर्जांसाठी कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं वाक्य फारसं कुणी वाचत नाही. कलम ४५ च्या त्याच पोटकलमात म्हटलं आहे की हे साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून, किंवा प्राधिकरणानं काही मागणी केली असेल तर तिला तुमचं उत्तर मिळाल्यापासून, यांतलं जे नंतरचं असेल तेव्हापासून मोजायचे. म्हणजे प्रत्येक त्रुटीपत्रानंतर घड्याळ तुमच्या उत्तरावर येऊन थांबतं, आणि उत्तर गेल्यावर पहिल्या दिवसापासून सुरू होतं. शिवाय मानीव परवानगी फक्त नियमावली आणि विकास योजनेत बसणाऱ्या बांधकामालाच मिळते. नियमाबाहेरचं बांधकाम साठ काय, सहाशे दिवसांनीही कायदेशीर होत नाही. मानीव परवानगीच्या भरवशावर पाया खोदू नका. आधी कार्यालयाला लेखी कळवा आणि आर्किटेक्टकडून नकाशा पुन्हा तपासून घ्या.

आता त्रुटीपत्र आलं तर काय करायचं ते सांगतो. समजा त्यात पाच मुद्दे आहेत. चार सोपे, आणि एक 'पोहोच रस्त्याची रुंदी सिद्ध करणारा दस्त जोडावा' असा अवघड. लोक चार मुद्द्यांचं उत्तर टाकून मोकळे होतात, पाचवा 'नंतर देऊ'. फाइल पुन्हा रांगेत लागते, पुन्हा उघडली जाते, आणि पाचव्यासाठी परत येते. पाचही उत्तरं हातात येईपर्यंत थांबा आणि एकदम द्या. दोन दिवस जास्त गेले तरी एकूण आठवडे वाचतात. एखादी मागणी समजलीच नाही, तर कोणत्या नियमाखाली ती केली आहे हे प्रणालीतूनच लेखी विचारा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा द्या. एजंट किंवा ठेकेदार आपला नंबर टाकतात, त्रुटीचा संदेश त्यांच्याकडे जातो, आणि मालकाला महिनाभरानं कळतं. छाननी शुल्क, विकास शुल्क, प्रीमियम, बांधकाम खर्चावरचा १ टक्का कामगार कल्याण उपकर, जे काही चलन निघेल ते स्वतः बघा, प्रणालीतूनच भरा आणि पावती उतरवून ठेवा. "साहेबांना द्यायचेत" म्हणून कुणी रोख मागितली तर त्या रकमेचं चलन मागा. चलन नसेल तर ती रक्कम तुमच्या परवानगीची नाही.

दाद कुठे मागायची? अर्ज नामंजूर झाला तर कारणं लेखी मिळायला हवीत, आणि आदेश कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. नुसताच उशीर होत असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. ज्या सेवा त्याखाली अधिसूचित आहेत त्यांना ठरलेली मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील अधिकारी असतात. कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा फलकावर ती यादी लावलेली असते. ती वाचा, आणि अपील करायला लाजू नका.

परवानगी आली, पुढे?

डिजिटल सहीचं प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, आणि मंजूर नकाशा मिळाला की पेढे वाटले जातात. वाटावेत. पण ही परवानगी कायमची नसते. तिची मुदत एक वर्षाची. त्यात काम जोत्यापर्यंत आलं नाही तर दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते, आणि ही वाढ एकूण तीन वर्षांच्या पुढे मिळत नाही. मंजुरीच्या पत्रामागच्या अटी वाचल्याशिवाय कामाला हात लावू नका.

जोतं झालं की जोते तपासणी. पाया नकाशाप्रमाणेच पडला आहे का, मार्जिन सुटलं आहे का, हे इथे बघतात. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण चूक इथे सापडली तर दुरुस्त होते. स्लॅब पडल्यावर सापडली तर तोडावं लागतं. मध्येच खोली वाढवायची किंवा जिना हलवायचा असेल तर आधी सुधारित नकाशा टाका. काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी. कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं भोगवट्याशिवाय राहतात आणि घर विकायला किंवा कर्ज काढायला गेल्यावर हैराण होतात.

फ्लॅट घेणाऱ्यांनाही यातलं थोडं कळायला हवं. कल्याण-डोंबिवली परिसरात ६५ इमारतींना बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची (गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळाल्याचं प्रकरण उघडकीला आलं, आणि आयुष्यभराची पुंजी घातलेली माणसं रस्त्यावर यायची वेळ आली. त्यांनी कागद बघितले होते. पण कागदावरचा क्रमांक देणाऱ्या कार्यालयाकडे ताडून बघायची सोपी सोय तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हती. आज परवानग्या ऑनलाइन निघतात, तर बिल्डरनं दिलेल्या प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख नियोजन प्राधिकरणाच्या नोंदीशी स्वतः जुळवून बघा. संकेतस्थळावर सापडलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. टोकन देण्याआधी.

काकांची परवानगी अखेर १९४ मीटरवर आली. कागद पुरे झाल्यावर आणि नकाशा हिरवा झाल्यावर नवव्या दिवशी. गेल्या महिन्यात त्यांचं जोतं पूर्ण झालं. तपासणीला अभियंता आला तेव्हा काकांनीच टेपचं एक टोक मागच्या हद्दीच्या दगडावर धरलं आणि माप मोठ्यानं वाचलं. नकाशात होतं तेवढंच भरलं. त्यांच्या दोन्ही बहिणी सावलीत खुर्च्या टाकून बसल्या होत्या.